नवे गीत, अनोळखी गायक आणि आपले कर्तव्य

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत विहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतीराव फुले आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून आम्ही आजच्या विषयाकडे वळतो.

या व्याख्यानमालेत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथावर व्याख्याने झाली, शिक्षणावर झाली, संविधानावर झाली. आम्ही 'नवे गीत आणि अनोळखी गायक' हा विषय सुचविला, तेव्हा कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ उपासकांनी विचारले, "वर्षावासात गाण्याचे काय काम?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही पुढे देऊ. प्रथम हा विषय आमच्या मनात का आला ते सांगतो, कारण त्यात आमचीच एक चूक आहे.

आपल्या वस्तीतील एक तरुण दिवसा गोदामात काम करतो आणि रात्री गाणी लिहितो. गेल्या जयंतीपूर्वी त्याने स्वतःच्या पगारातून पैसे साठवून एका लहानशा स्टुडिओत एक गीत रेकॉर्ड केले. गीत त्याच्या आजीवर होते. आजी आठ वर्षांची असताना बापाच्या खांद्यावर बसून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला गेली होती, त्याची ती हकिकत. त्याने ते यूट्यूबवर टाकले आणि त्याची लिंक आम्हा सर्व पदाधिकाऱ्यांना पाठविली. जयंतीच्या मिरवणुकीत आम्ही भाड्याचा डीजे लावला. नेहमीचीच दहा-बारा गाणी पुन्हा पुन्हा वाजली. तो तरुण मिरवणुकीत पाण्याचे ग्लास वाटत होता.

पुढे चार महिन्यांनी त्याची आजी वारली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्याने नुसत्या खंजिरीवर ते गीत म्हटले. घरात जागा नव्हती म्हणून आम्ही दाराबाहेर उभे राहून ऐकले. कार्यक्रम संपल्यावर आम्ही त्याला विचारले, "बाळा, हे कधी लिहिलेस?" तो म्हणाला, "सर, जयंतीच्या आधी तुम्हाला पाठवले होते."

घरी येऊन आम्ही मोबाईल पाहिला. जयंतीच्या शेकडो शुभेच्छांच्या खाली तो संदेश न उघडलेला पडून होता. ज्या आजीवर गीत होते ती जिवंत असताना, चारचौघांत मानाने बसून तिला ते ऐकता आले असते. ती वेळ आता परत येणार नाही. म्हणून आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

धम्म आणि संगीत

आता त्या ज्येष्ठांच्या प्रश्नाकडे वळू. अष्टशीलातील सातव्या शीलात नृत्य, गीत, वाद्य यांपासून विरत राहण्याचे व्रत आहे हे खरे. ते उपोसथाच्या दिवशी शील ग्रहण करणाऱ्या उपासकाने पाळावयाचे असते. त्यावरून भगवान बुद्धांना संगीताचे वावडे होते असे कोणी म्हणू लागला, तर ते बरोबर नाही. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख हा गंधर्व वीणा वाजवीत गातो, तेव्हा त्याच्या तारांचा स्वर आणि कंठाचा स्वर एकमेकांशी जुळले आहेत, असे भगवान त्याला सांगतात. सोण नावाच्या भिक्षूने अतिश्रम करून स्वतःला थकवून घेतले, तेव्हा भगवानांनी त्याला वीणेचेच उदाहरण दिले. तार फार ताणली तर वीणा नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. हा दृष्टांत देणाऱ्याने वीणा लक्षपूर्वक ऐकलेली असली पाहिजे.

आपल्या चळवळीपुरते बोलायचे तर गाण्याशिवाय ती खेड्यापाड्यात पोहोचलीच नसती. आपल्या पुण्याचे महात्मा फुले यांनी १८६९ साली छत्रपती शिवाजीराजांवरचा पोवाडा प्रसिद्ध केला. १८७३ साली याच शहरात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्या चळवळीतून सत्यशोधकी जलसे निघाले. पुढे त्याच वाटेने आंबेडकरी जलसे आले. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांना बाबासाहेबांचा विचार त्यांनी ढोलकीवर ऐकविला. भीमरावांनी पुढे आंबेडकरी जलशांवर पुस्तकच लिहिले, म्हणून ही माहिती आपल्या हाती राहिली.

हे जलसेवाले कोण होते? कुणी गिरणीत काम करी, कुणी शेतमजूर होता, कुणी रेल्वेत होता. त्यांना कोणत्याही कंपनीने नेमले नव्हते. भाडे स्वतःचे, भाकरी गावाची आणि शब्द स्वतःचे. आज वर्तमानपत्रांत 'इंडिपेंडंट आर्टिस्ट' म्हणजे स्वतंत्र कलावंत हा शब्द नव्याने आल्यासारखा वापरतात. आपल्याकडे तो शंभर वर्षांचा जुना माणूस आहे. फक्त त्याला आपण 'पार्टीवाला' म्हणत आलो.

नाव कसे हरवते

लोककवी वामनदादा कर्डक यांचा जन्म १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. तरुणपणी ते निरक्षर होते. एकाने पत्र वाचायला दिले, ते वाचता आले नाही, त्याची लाज वाटून ते अक्षरे शिकले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. १९४३ पासून त्यांनी हजारो गीते रचली आणि २००४ साली ते गेले. त्यांच्या गीतांच्या शेवटच्या कडव्यात बहुधा 'वामन' हे नाव येते. संतांच्या अभंगात जशी नाममुद्रा असते तशीच ही. निरक्षर समाजात छापील पुस्तकाचे मुखपृष्ठ कोण वाचणार? म्हणून कवी आपले नाव गाण्यातच शिवून ठेवी.

आता पाहा काय झाले. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपे. गाणे लांब असले की कडवी कमी करावी लागत. पुढे कॅसेट आली, तिच्यात जागा भरपूर होती. पण मिरवणुकीतील डीजेवाल्याला धृपद हवे असते, कडवे नको असते. आता मोबाईलवर अर्ध्या मिनिटाची रील आली. प्रत्येक वेळी कात्री शेवटाकडून लागली आणि कवीचे नाव तर शेवटीच होते. त्यामुळे वामनदादांची कितीतरी गीते आज 'पारंपरिक' म्हणून वाजतात. एवढ्या मोठ्या कवीची ही स्थिती, तर आपल्या गल्लीतील मुलाचे काय होणार, याचा विचार करावा.

याच्या उलट उदाहरणही पुण्याचेच आहे. पुण्यातील सामाजिक शास्त्रांतील सहकारी संशोधन केंद्राच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम अनेक वर्षे केले. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. बेर्नार बेल यांनी नव्वदच्या दशकात त्यांपैकी अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या महिलांनी बाबासाहेबांवर गाइलेल्या ओव्याही त्यात आहेत. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने हा संग्रह क्रमाक्रमाने लोकांपुढे आणला. आमच्या दृष्टीने त्यातील मोठी गोष्ट अशी की, ओवीबरोबर ती सांगणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे. जी बाई पहाटे अंधारात दळत असताना कुणाच्या खिजगणतीत नव्हती, तिचे नाव आज जगात कुठेही वाचता येते. हे काम मोठ्या पैशातून होत नाही. विचारून लिहून ठेवण्याच्या सवयीतून होते.

आणखी एक उदाहरण देतो. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार होऊन दहा जण मृत्युमुखी पडले. त्या दुःखात शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. आज त्यांचा आवाज आपण ऐकू शकतो याचे एक कारण असे की, आनंद पटवर्धन यांनी १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात त्यांना गाताना टिपले होते. त्याच दिग्दर्शकाच्या 'जय भीम कॉम्रेड' या २०११ च्या चित्रपटात पुण्याच्या कासेवाडीतील शीतल साठे गाताना दिसतात. त्या तेव्हा पुण्यात २००२ साली स्थापन झालेल्या कबीर कला मंचात होत्या. त्यांची सर्व मते सर्वांना पटावीत असा आमचा आग्रह नाही. पण कासेवाडीतला आवाज आधी मुंबईच्या चित्रपटकाराने ऐकावा आणि मग तो पुण्यातल्या आपल्या घरात पोहोचावा, हे आपल्या कानांबद्दल काय सांगते?

कॅसेटपासून मोबाईलपर्यंत

आमच्या पिढीला कॅसेटचा काळ आठवतो. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटी आल्या आणि पहिल्यांदाच गरिबाच्या गायकाला गरिबाचे ग्राहक मिळाले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते यांचे आवाज चाळीचाळीतून घुमले. दीक्षाभूमीवर, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, १ जानेवारीला भीमा-कोरेगावला, २५ डिसेंबरला देहूरोडला रस्त्याकडेला पुस्तकांच्या दुकानाशेजारी कॅसेटचे दुकान असायचेच. नवे गीत कोणते आले हे तिथे उभे राहिले की कळे. दुकानदार टेपवर वाजवून दाखवी, आवडले तर घ्यायचे. कव्हरवर गायकाचे नाव, कवीचे नाव, संगीतकाराचे नाव छापलेले असे. ते कव्हर आपण जपून ठेवत होतो.

त्या काळालाही काळी बाजू होती. गीतकाराला पुष्कळदा एकरकमी थोडे पैसे देऊन सही घेतली जाई आणि पुढे कितीही कॅसेटी खपल्या तरी त्याच्या हाती काही येत नसे. चाली बहुधा चित्रपटातल्या असत, त्यामुळे संगीतावर आपला हक्क सांगताही येत नसे.

मग सीडी आली, पेनड्राइव्ह आला आणि २०१६ नंतर मोबाईलवरचा डेटा स्वस्त झाला. आता गाणे प्रसिद्ध करायला कंपनी लागत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर गात आल्या. मोबाईलवर टिपलेल्या त्यांच्या गाण्याने त्या महाराष्ट्रभर पोहोचल्या. पंजाबात जालंधरची गिन्नी माही ही तरुणी बाबासाहेब आणि संत रविदास यांची गीते गाऊन २०१६ च्या सुमारास देशभर माहीत झाली. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा वाद्यवृंद उभा राहिला आणि उत्तर चेन्नईतील वस्त्यांतला गाना हा गानप्रकार मोठ्या रंगमंचावर आला. आपल्या ताडीवाला रस्त्याच्या परिसरातून आलेला अल्ताफ शेख, म्हणजे एमसी स्टॅन, स्वतःची रॅप गाणी यूट्यूबवर टाकीत पुढे आला आणि २०२३ साली दूरदर्शनच्या पडद्यावरची एक मोठी स्पर्धा जिंकला. त्याच्या भाषेवर वाद होऊ शकतो. परंतु वस्तीतल्या मुलाला वाट नाही असे आता कोणी म्हणू शकत नाही.

दार उघडले हे खरे. पण आत इतकी गर्दी झाली की कोण आले ते दिसेनासे झाले. कॅसेटवाला आपला चेहरा पाहून नवे काही सुचवीत असे. यंत्र आपण आधी काय ऐकले ते पाहते आणि त्यासारखेच पुन्हा पुढे करते. ज्याला लाखो लोकांनी ऐकले ते आणखी लाखो लोकांपुढे येते. ज्याला पन्नास जणांनी ऐकले ते तळाशी जाते. त्या तळाशी आपल्या गल्लीतील मुलाचे गीत असते.

थोडा हिशेब

विद्यार्थी मित्रांनी हा हिशेब वहीत लिहून घ्यावा. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळायचा असेल तर नेहमीच्या लांबीच्या चित्रफितींसाठी १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले गेल्याची अट आहे. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. सहा मिनिटांचे गीत असेल तर ते पूर्णपणे ४०,००० वेळा ऐकले गेले पाहिजे, तेव्हा तो मुलगा फक्त दारात उभा राहतो. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे की, मागील बारा महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनाचा वाटा मिळत नाही.

आता दुसरा हिशेब पाहू. एखाद्या संस्थेत दोनशे कुटुंबे असतील आणि प्रत्येकाने वर्षातून एकदा पन्नास रुपये एका नव्या गायकाच्या खात्यावर सरळ पाठविले, तर दहा हजार रुपये होतात. एवढ्यात त्याचे पुढचे गीत रेकॉर्ड होऊ शकते. यंत्राची कृपा होण्याची वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग जवळचा आहे. 'स्वयंदीप व्हा' ही शिकवण एकट्या माणसासाठी आहे तशी ती संस्थेसाठीही आहे.

नवे गीत शोधावे कसे

पुष्कळ जण म्हणतात, "चांगले नवे येतच नाही." येते, पण आपण त्याच्यापर्यंत जात नाही. आम्ही त्या पुण्यानुमोदनानंतर काही महिने पद्धतशीर शोध घेतला. त्यातून जे उमगले ते असे.

पहिले, प्रसिद्ध गायकाच्या नावाने शोधू नये, गावाच्या किंवा वस्तीच्या नावाने शोधावे. 'येरवडा', 'बोपोडी', 'दापोडी', 'पर्वती' असे शब्द 'भीमगीत' या शब्दाला जोडून पाहावेत. यादीतील पहिल्या दहा ओळी सोडून खाली जावे.

दुसरे, गाण्याखाली जी माहिती लिहिलेली असते ती उघडून वाचावी. कवी कोण, ढोलकी कोणाची, बेंजो कोणाचा, कोरस कोणाचा हे पाहावे. मग त्या ढोलकीवाल्याने आणखी कोणाला साथ केली ते शोधावे. चांगला वादक चांगल्या गायकाकडे घेऊन जातो. आम्हाला अनेक नवे आवाज असे वादकांच्या मागून जाऊन सापडले.

तिसरे, काळ लक्षात ठेवावा. १४ एप्रिलच्या आधीचे दोन आठवडे, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, १ जानेवारी या सुमारास नवी गीते मोठ्या प्रमाणात येतात. तेव्हा रोज पंधरा मिनिटे ऐकण्यासाठी राखून ठेवावीत. शुभेच्छांच्या संदेशांत एखादे गीत दडलेले असते, हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो.

चौथे, प्रत्यक्ष जावे. वस्त्यांत गायनाचे कार्यक्रम होतात, कव्वालीचे सामने होतात. मुख्य गायकाच्या आधी जो पोरगा वेळ भरून काढण्यासाठी दोन गीते म्हणतो, त्याच्याकडे लक्ष द्यावे. लोक तेव्हा चहाला उठतात. आपण बसून राहावे.

पाचवे, गीत पूर्ण ऐकावे. शेवटचे कडवे येईपर्यंत थांबावे, कारण नाव तिथे असते.

निवड कशी करावी

याचा अर्थ जे जे नवे ते ते चांगले असा नाही. नुसता आवाज मोठा, दुसऱ्या समाजाला शिवीगाळ, एखाद्या पुढाऱ्याची आरती, बाबासाहेबांना देव करून नवस बोलणे, अशीही गाणी पुष्कळ येतात. तो अनोळखी आहे आणि आपला आहे, एवढ्यावरून त्याला डोक्यावर घेऊ नये.

केसपुत्तच्या कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले की, एखादी गोष्ट ऐकीव आहे, परंपरेने आली आहे किंवा सांगणारा मोठा आहे एवढ्याने ती स्वीकारू नका, ती हिताची की अहिताची हे स्वतः तपासा. आज मोबाईलवर गाण्याखाली जो आकडा दिसतो तोही ऐकीव गोष्टीसारखाच आहे. लाखांनी पाहिले म्हणून चांगले नव्हे आणि चाळीसांनीच पाहिले म्हणून वाईटही नव्हे. गीत ऐकल्यावर मनात द्वेष वाढला की मैत्री वाढली, माणूस ताठ उभा राहिला की नुसता नाचला, काही नवे कळले की जुनेच पुन्हा घोकले, एवढे विचारावे. उत्तर आपल्याला मिळते.

आणि गायकाला ते सांगावे. 'लई भारी' म्हणून अंगठा दाखविण्याने त्याचे भले होत नाही. "दुसऱ्या कडव्यात शब्द ओढून ताणून बसविला आहे", "तुझा आवाज खालच्या पट्टीत अधिक बरा लागतो" असे कोणीतरी जबाबदारीने सांगितले पाहिजे. कल्याणमित्र तो, जो दोषही मैत्रीने दाखवितो.

लिहिणाऱ्या-गाणाऱ्या मुलांना दोन शब्द

येथे बसलेल्यांपैकी काही जण लिहितात, गातात. त्यांना कायद्याच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. गीत लिहिल्याबरोबर त्याचा हक्क कवीकडे येतो. नोंदणी केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण हक्क मिळविण्यासाठी ती सक्तीची नाही. तो हक्क कवीच्या हयातीनंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचा हक्क आजही जिवंत आहे, ती बेवारस नाहीत. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटातील किंवा ध्वनिमुद्रिकेतील गीताच्या पुढील वापराच्या मोबदल्यात गीतकार आणि संगीतकार यांचा समान वाटा राहील आणि तो वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज कोणाला लिहून देता येणार नाही, असे तीत म्हटले आहे. कोणी कागद पुढे केला तर घरी आणा, वकिलीचे शिक्षण घेतलेले आपले सभासद आहेत, त्यांना दाखवा, मगच सही करा.

दुसरे, चाल स्वतःची करा. चित्रपटाची चाल घेतली तर यूट्यूबचे यंत्र ती ओळखू शकते आणि तुमच्या गीताचे उत्पन्न मूळ कंपनीकडे वळते, नाहीतर गीतच बंद पडते. ओवी, पाळणा, गौळण, पोवाडा, हलगीचा ठेका हे सारे आपल्या आजी-आजोबांनी ठेवलेले धन आहे. त्यातून चाल बांधा.

तिसरे, नाव लिहा. स्वतःचे लिहा, साथीदारांचेही लिहा. ज्याचा शब्द घेतला त्याचे आधी लिहा. मोठ्यांनी आमची नावे गाळली अशी तक्रार करणाऱ्याने आपल्या कोरसमधील मुलीचे नाव गाळू नये.

आपण काय करावे

शेवटी संस्थेपुढे आम्ही चार सूचना ठेवतो. त्यांचा कार्यकारिणीने विचार करावा.

एक, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास 'नवे गीत' ठेवावे. दोन गीते ऐकावीत. शक्य असेल तर गायकाला बोलवावे, नसेल तर मोबाईल स्पीकरला जोडावा. गीतानंतर दहा मिनिटे चर्चा व्हावी.

दोन, ग्रंथालयात एक जाड नोंदवही ठेवावी. गीताचे नाव, कवी, गायक, वादक, गाव, प्रसिद्धीची तारीख आणि ऐकणाऱ्याचे एका ओळीचे मत तीत लिहावे. हे काम विद्यार्थ्यांनी करावे. पन्नास वर्षांनी कोणी संशोधक आला तर त्याला यूट्यूब सापडेल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही, परंतु वही सापडेल.

तीन, जयंतीच्या खर्चातून एक ठराविक रक्कम वस्तीतील किंवा शहरातील अनोळखी कलावंतांच्या मानधनासाठी बाजूला काढावी. मानधन पाकिटात, सर्वांसमोर आणि कार्यक्रमाच्या दिवशीच द्यावे. "आपलाच मुलगा आहे, त्याला काय द्यायचे" ही भाषा बंद करावी. डीजेवाल्याला आपण आगाऊ रक्कम देतो, तेव्हा तो कुणाचा मुलगा आहे हे विचारीत नाही.

चार, आपल्या कार्यक्रमात गीत म्हटले जाईल तेव्हा आधी कवीचे नाव जाहीर करावे आणि शेवटचे कडवे कापू नये.

मित्रहो, त्या पुण्यानुमोदनात आम्ही जे गीत ऐकले त्याचे शेवटचे कडवे आम्हाला अजून आठवते. त्यात नाममुद्रेच्या जागी त्या मुलाने स्वतःचे नाव घातलेले नाही, आजीचे नाव घातले आहे. ती माउली आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची भांडी घासत राहिली. तिचे नाव रेशनकार्डावर आणि मतदार यादीत होते, त्याखेरीज कुठे लिहिलेले नव्हते. आता ते गीतात आहे. ते गीत आपण ऐकले तर नाव राहील, नाही ऐकले तर ते मोबाईलच्या ढिगाखाली जाईल.

संस्थेच्या परवानगीने आम्ही त्या मुलाला आज येथे बोलावले आहे. तो मागच्या रांगेत, दाराशी बसला आहे. आमचे भाषण संपले की तो पुढे येईल. सर्वांना विनंती की चहा गीतानंतर घ्यावा आणि शेवटच्या कडव्यापर्यंत कोणी उठू नये.



जयभीम! नमो बुद्धाय!